मुस्काउचा उधळ्या बागवान

हेर्मान फॉन प्युक्लर-मुस्काउ हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन उद्यानरचनाकार, प्रवासी आणि लेखक. ३० ऑक्टोबर १७८५ रोजी तो मुस्काउच्या वाड्यात जन्मला आणि ४ फेब्रुवारी १८७१ रोजी, तिथून फार लांब नसलेल्या ब्रानिट्झ गावी वारला. या पंच्याऐंशी वर्षांत त्याने दोन मोठी उद्याने उभारली, इतरांच्या अनेक उद्यानांना हात लावला, इंग्लंड-आयर्लंड पालथे घातले, नाईलच्या काठाकाठाने सुदानपर्यंत मजल मारली, डझनाहून अधिक खंड भरतील एवढे लिहिले आणि बहुतेक काळ कर्जात काढला. या गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. उद्यानाने त्याला कर्जात घातले, कर्जाने परदेशी धाडले, परदेशाने लेखक केले, आणि लेखणीतून आलेला पैसा पुन्हा उद्यानाच्या मातीत गेला.

मुस्काउ ही लाउझिट्झ प्रांतातली, नायसे नदीच्या काठची जहागीर. आजूबाजूला वाळूमिश्रित निकस जमीन, पाइनची जंगले आणि सोर्ब भाषा बोलणारी शेतकरी वस्ती. जहागीर आईकडून आली होती. ही आई, क्लेमेंटीन फॉन कालेनबर्ग, हेर्मान जन्मला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. बाप ब्रानिट्झचा काउंट. दोघांचे पटले नाही, घटस्फोट झाला आणि मुलाच्या वाट्याला घराऐवजी वसतिगृहे आली. आधी उहिस्टची कडक शिस्तीची धार्मिक शाळा, मग हाले, मग देसाउ. देसाउजवळ वर्लिट्झ येथे तिथल्या राजाने इंग्लिश धर्तीचे विस्तीर्ण उद्यान उभारले होते आणि ते सर्वांना खुले ठेवले होते. या धर्तीच्या उद्यानाची जर्मनीत त्या काळी याहून चांगली ओळख कुठे झाली नसती.

लाइपझिगला कायदा शिकायला गेलेला प्युक्लर वर्षभरात वह्या मिटून ड्रेस्डेनच्या घोडदळात शिरला. तिथेही जुगार, घोडे आणि सावकार असा दिनक्रम सुरू झाला. १८०४ मध्ये त्याने लष्कर सोडले. बापाने हात आखडता घेतल्यावर तो स्वित्झर्लंड, दक्षिण फ्रान्स आणि इटली या भागांत बहुतांशी पायी फिरला. १८११ मध्ये बाप वारला आणि पंचविशीतल्या या भटक्याच्या हाती मुस्काउ आले. कारभार त्याने लेओपोल्ड शेफर या कवी-मित्रावर सोपवला. त्यावरून नव्या मालकाचा व्यवहाराकडे पाहण्याचा दृष्टिकोन लक्षात यावा.

१८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो रशियन बाजूने उतरला, काही काळ ब्रूज शहराचा लष्करी कारभारी झाला, आणि युद्ध संपताच इंग्लंडला गेला. हा त्याचा पहिला इंग्लंडप्रवास.

इंग्लंडमध्ये तोवर उद्यानकलेत शंभरेक वर्षांची उलथापालथ होऊन गेली होती. फ्रेंच धाटणीची, पट्टीने आखलेली ताटवे-कारंज्यांची बाग मागे पडली होती. विल्यम केंट आणि 'कॅपेबिलिटी' ब्राउन यांनी कुंपणे हटवली, सरळ ओहोळ अडवून वळणदार तळी केली, वाड्याच्या पायरीपर्यंत हिरवळ आणली. त्यांच्यामागून आलेला हम्फ्री रेप्टन हा व्यवसायाने फिरता उद्यानरचनाकार. घोडागाडीतून एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे जायचे, जमीन पाहायची आणि लाल चामड्याच्या बांधणीची एक वही तयार करून द्यायची, हे त्याचे काम. वहीतल्या जलरंगातल्या चित्रावर एक झडप चिकटवलेली असे. झडप मिटलेली असताना आजची जागा दिसे, उघडली की उद्याची. प्युक्लरला या सगळ्याने झपाटले. रेप्टन १८१८ मध्ये वारला. पुढे १८२२ मध्ये त्याचा मुलगा जॉन एडी रेप्टन मुस्काउला येऊन सल्ला देऊन गेला.

१ मे १८१५ रोजी, इंग्लंडहून परतलेल्या प्युक्लरने मुस्काउच्या नागरिकांना उद्देशून एक निवेदन काढले. आपण इथेच राहायचे आणि जहागिरीचे उत्पन्न इथेच खर्च करायचे ठरवले आहे, गावासाठी आणि स्वतःसाठी मोठे उद्यान करायचे आहे, तेव्हा नदीकाठच्या जमिनी नागरिकांनी आपल्याला विकाव्यात, असा त्याचा आशय. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या तहाने लाउझिट्झचा हा भाग सॅक्सनीकडून प्रशियाकडे गेला. देश बदलला, तरी उद्यानाचा आराखडा बदलला नाही.

पुढची तीस वर्षे मुस्काउमध्ये खणती, भरणी आणि खरेदी चालू राहिली. वाड्याला खेटून असलेल्या रस्त्यावरची घरे विकत घेऊन पाडली गेली. नायसेचे पाणी घेऊन एक कृत्रिम फाटा खणला आणि तो वाड्याच्या बाजूने वळवत नेऊन तळ्यांत सोडून परत नदीला मिळवला. मालकाच्या नावावरून त्याला 'हेर्मान्सनायसे' म्हणतात. पाहणाऱ्याला हा फाटा मूळचाच वाटतो. निकस जमिनीवर चांगली माती आणून पसरावी लागली. रोपे लावून त्यांची वाट पाहण्याइतका धीर मालकाला नव्हता, म्हणून वाढलेली झाडेच आणली गेली. झाडाभोवती चर खणून मुळांचा मातीसकट गड्डा मोकळा करायचा, दोन चाकांच्या गाड्याचा उंच दांडा उभा करून खोड त्याला बांधायचे, मग दांडा आडवा पाडायचा की गड्डा उचलला जातो आणि झाड आडवे होऊन घोड्यांमागे चालू लागते. हे काम याकोब हाइनरिश रेडर या मुख्य माळ्याच्या देखरेखीखाली चाले. प्युक्लर महिनोन्‌महिने परदेशी असताना उद्यान पुढे सरकत राहिले ते रेडरमुळे. त्याचे नाव मात्र उद्यानकलेच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही.

मुस्काउचे वेगळेपण केवळ आकारात नव्हते. वाड्यालगत फुलबागा, त्यांच्यापुढे राखीव हिरवळ आणि मग अफाट उद्यान अशी चढती मोकळीक प्युक्लरने ठेवली. परदेशी, शोभेची झाडे वाड्याजवळ. उद्यानात मात्र स्थानिक किंवा त्या हवेत पुरती रुळलेली झाडेच लावायची, असा त्याचा दंडक होता. वाट उगाच वळवायची नाही, वळणाला टेकडी, पाणी किंवा मोठे झाड असे कारण डोळ्यांना दिसले पाहिजे, असे तो बजावी. पाच-दहा पावलांवर नवे चित्र उलगडावे, पण ते मुद्दाम मांडल्यासारखे वाटू नये. दरिद्री दिसणारी म्हणून गाव, शेते किंवा कामाची ठिकाणे त्याने पडद्याआड लपवली नाहीत. जहागिरीत तुरटीचा कारखाना होता. उद्यानातली गाडीवाट त्या कारखान्यातूनच काढली होती. १८२३ मध्ये खनिज पाण्याचे स्नानगृह काढून त्यालाही उद्यानाचा भाग केले. कष्टाच्या जागाही चित्राचा भाग असतात हे त्या काळच्या किती जमीनदारांना सुचले असते, हा प्रश्नच आहे. अर्थात ते चित्र वाड्याच्या गच्चीतून पाहिलेले होते, हेही खरे.

१८१७ मध्ये त्याने लग्न केले. लुसी फॉन पापेनहाइम ही प्रशियाचा चॅन्सलर हार्डेनबर्ग याची मुलगी, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, घटस्फोटित आणि समजुतीने हुशार. तिच्या हुंड्यावर आणि सासऱ्याच्या वजनावर प्युक्लरची बरीच भिस्त होती. वजन थोडेफार कामी आले, १८२२ मध्ये त्याला 'फ्युर्स्ट' म्हणजे प्रिन्स ही पदवी मिळाली. पण पदवीबरोबर तिजोरी येत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हार्डेनबर्ग वारला आणि आधार गेला. लुसीलाही उद्यानाचे वेड लागलेले होते, किंबहुना नवरा दौऱ्यावर असताना कामगारांचे पैसे आणि माळ्यांचे वाद तीच निस्तरत असे. दोघांनी मिळून ऋण काढून सण केला, आणि तो कित्येक वर्षे चालला. अखेर सावकारांनी दार धरले.

तेव्हा या जोडप्याने जो उपाय काढला, त्याला इतिहासात क्वचितच तोड सापडेल. त्यांनी सामंजस्याने घटस्फोट घेतला. प्युक्लरने इंग्लंडला जावे, तिथल्या एखाद्या श्रीमंत घरच्या मुलीशी लग्न करावे आणि तिच्या हुंड्यावर मुस्काउ वाचवावे, असा बेत ठरला. लुसीने त्याला मनापासून संमती दिली, इतकेच नव्हे तर नवी प्रिन्सेस आल्यावर आपणही मुस्काउतच राहू असे गृहीत धरले. १८२६ च्या शरद ऋतूत प्युक्लर निघाला. वाटेत वायमारला थांबून त्याने महाकवी गटेची भेट घेतली, आणि मग तो लंडनला पोहोचला.

लंडनच्या सभ्य समाजाने त्याचे स्वागत केले, पण मुलगी दिली नाही. घटस्फोटित माणूस, पहिली बायको हयात, आणि घटस्फोट नावापुरता असल्याची कुजबुज आधीच पसरलेली. त्यात तो जिथे जाई तिथे हुंड्याच्या शोधात आला आहे हा बोभाटा त्याच्यापुढे धावे. वर्तमानपत्रांनी टर उडवली. 'प्युक्लर-मुस्काउ' या नावाची लोणचे आणि मोहरी अशी चेष्टा झाली. एकामागून एक घरांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. त्यात भर म्हणजे तो स्वतःच हेन्रिएट सोंटाग या गाजलेल्या गायिकेच्या प्रेमात पडला, आणि तिच्याकडे ना हुंडा होता ना त्याच्याशी लग्न करायची इच्छा.

मोहीम फसली, पण तिचे एक उपउत्पादन मोठे निघाले. जवळजवळ रोज रात्री तो लुसीला पत्र लिही. दिवसभरात काय पाहिले, कोणाकडे जेवलो, कोणत्या बागेतली कोणती युक्ती मुस्काउला लागू पडेल, हे सारे त्यात असे. चिझिक, क्यू, वॉर्विक, ब्लेनम, अ‍ॅशरिज अशी कितीतरी उद्याने त्याने पाहिली, आणि जिथे जे आवडले नाही तिथे तसे स्पष्ट लिहिले. जॉन नॅशने लंडनमध्ये आखलेले रीजंट्स पार्क त्याला विशेष भावले. बँकर रॉथ्सचाइल्डपासून नाटकगृहातल्या गोंधळ्या प्रेक्षकांपर्यंत आणि घोड्यांच्या शर्यतींपासून यंत्रांच्या कारखान्यांपर्यंत काहीही त्याच्या नजरेतून सुटले नाही. इंग्रज उच्चभ्रूंच्या शिष्टाचाराचे, म्हणजे कोणी कोणाला ओळख द्यायची आणि कोणी कोणाकडे पाहून न पाहिल्यासारखे करायचे याचे, त्याने केलेले वर्णन आजही हसवते.

१८२८ च्या उन्हाळ्यात तो वेल्समध्ये स्नोडन शिखरावर चढला आणि तिथून आयर्लंडला उतरला. कॅथॉलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळवून देण्याची चळवळ तिथे ऐन भरात होती. प्युक्लर तिचा नेता डॅनियल ओकॉनेल याच्या डेरीनेन येथील समुद्रकाठच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. झोपड्यांतली उपासमार, गैरहजर जमीनदार आणि कॅथॉलिक शेतकऱ्यांकडून प्रॉटेस्टंट चर्चसाठी वसूल होणारा कर यांवर त्याने कडक शब्दांत लिहिले. ज्या माणसाने आपली जहागीर बागेपायी गहाण टाकली, त्याच्या पत्रांत परक्या शेतकऱ्यांविषयी इतकी कळकळ यावी, हे थोडे चमत्कारिक वाटते. पण ती कळकळ खोटी नव्हती. १८२९ च्या सुरुवातीला, फ्रान्समार्गे, तो रिकाम्या हाती मुस्काउला परतला. लुसी आणि तो पुन्हा एकत्र राहू लागले. घटस्फोट कागदावर राहिला.

पत्रे छापावीत ही कल्पना लुसी आणि बर्लिनमधले मित्र, विशेषतः लेखक फार्नहागेन फॉन एन्स, यांनी उचलून धरली. १८३० मध्ये 'एका मृताची पत्रे' या नावाने पहिले दोन खंड निघाले, लेखकाचे नाव न देता. पुढचे दोन १८३१ मध्ये. आयर्लंडची, म्हणजे प्रवासाच्या शेवटची पत्रे आधी आणि लंडनची नंतर, असा उलटा क्रम होता. लुसीच्या जागी 'जूली' हे नाव घातले होते, आणि मुलगी शोधण्याच्या उद्योगाची आठवण करून देणारे सारे गाळले होते. लेखक कोण हे कोणाला कळायला वेळ लागला नाही. गटेने पुस्तकाचे अनुकूल परीक्षण लिहिले आणि मग खप पाहायलाच नको. १८३२ मध्ये सारा ऑस्टिनने इंग्रजी भाषांतर केले. ज्यांच्या घरी तो जेवला होता, त्या इंग्रज मंडळींनी आपापली चित्रे ओळखली आणि ती खवळली. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये वही घेऊन हिंडणारा, ऐकलेले सारे चुकीचे टिपून घेणारा काउंट स्मोर्लटॉर्क येतो, त्यामागे प्युक्लर असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. हुंडा देऊ शकला नाही तो पैसा इंग्लंडने अशा रीतीने पुस्तकातून दिला, पण मुस्काउच्या गरजेपुढे तो थोडाच.

१८३४ हे वर्ष लेखक म्हणून त्याचे सर्वांत भरघोस वर्ष. 'टुटी फ्रुटी' नावाने राजकीय चिमटे, किस्से आणि आठवणींचे खंड निघाले. आणि त्याच वर्षी, श्टुटगार्टच्या हालबर्गर प्रकाशनाने 'लँडस्केप गार्डनिंगविषयी काही सूचना' हा त्याचा सर्वांत टिकाऊ ग्रंथ काढला. सोबत ४४ दृश्ये आणि ४ नकाशे असलेला मोठा चित्रसंग्रह होता. दृश्ये चित्रकार शिर्मरच्या हातची. पहिल्या भागात जागा निवडण्यापासून कुंपण, झाडांचे समूह, हिरवळ, रस्ते, पाणी, बेटे, खडक आणि इमारती इथपर्यंतचा कामाचा उपदेश आहे. दुसरा भाग म्हणजे मुस्काउतून तीन वाटांनी फिरवणारे वर्णन. माळ्याने वाचावे असे हे पुस्तक आहे, तत्त्वज्ञाने नव्हे. पाणी धरून ठेवायचे कसे, तळ्याचा काठ कुठे झाडीत बुडवायचा म्हणजे तळे मोठे वाटेल, बेटाचा आकार प्रवाहाच्या ओघाशी कसा जुळवायचा, हे त्यात सांगितले आहे.

या पुस्तकात एक लबाडी आहे. चित्रांतल्या काही इमारती कधीच उभ्या राहिल्या नाहीत. बर्लिनचा थोर वास्तुकार शिंकेल याने वाड्याची पुनर्रचना आखली होती, ती कागदावर राहिली. उंचवट्यावर 'चिकाटीचे मंदिर' दाखवले आहे, तेही बांधले गेले नाही. रेप्टन झडपेखाली उद्या दाखवे, प्युक्लरने झडपच काढून टाकली.

त्याच वर्षी तो अमेरिकेला निघाला. 'टुटी फ्रुटी'तल्या मजकुरावरून एका कर्नलशी द्वंद्वयुद्धाची वेळ आली, त्यात जहाज चुकले, आणि पश्चिमेऐवजी दक्षिणेकडे वळून तो १८३५ मध्ये अल्जियर्सला उतरला. मग ट्यूनिस, माल्टा, ग्रीस, क्रीट, आणि १८३७ मध्ये इजिप्त. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने त्याचा शाही पाहुणचार केला. प्युक्लरनेही आपल्या लेखनात त्याची भरपूर स्तुती केली, आणि युरोपात ती पाहुणचाराची परतफेड समजली गेली. नाईलने वर खार्तूमच्याही पलीकडे जाऊन तो परतला, पॅलेस्टाईन आणि सीरियातून गेला, लेबनॉनच्या डोंगरात एकाकी राहणाऱ्या लेडी हेस्टर स्टॅनहोपला भेटला, आणि तुर्कस्तानमार्गे १८४० मध्ये मायदेशी आला. या प्रवासावर त्याने 'सेमिलासो' या टोपणनावाने आणि नंतर उघड नावाने पुष्कळ खंड लिहिले. इंग्लंडच्या पत्रांची धार त्यांत क्वचितच आहे. लुसीसाठी लिहिणे आणि प्रकाशकासाठी लिहिणे यांतला फरक तिथे जाणवतो.

या प्रवासातल्या एका घटनेकडे त्याचे चाहते पुष्कळ काळ प्रेमकथा म्हणून पाहत आले. कैरोच्या गुलामबाजारात त्याने एक आफ्रिकन मुलगी विकत घेतली. ती पूर्व आफ्रिकेतल्या ओरोमो समाजातली, वयाने बारा-तेराच्या आसपासची. प्युक्लर तिला 'माखबूबा' म्हणे. तिला त्याने सुदान, लेबनॉन आणि इस्तंबूलमधून फिरवले, व्हिएन्नाच्या दिवाणखान्यांत मिरवले आणि मुस्काउला आणले. लुसीला हे सहन होणे शक्यच नव्हते. मुलगी क्षयाने आजारी होती. २७ ऑक्टोबर १८४० रोजी मुस्काउला तिचा मृत्यू झाला, तेव्हा प्युक्लर बर्लिनला लुसीजवळ होता. तो शोकाने व्याकूळ झाला हे त्याच्या पत्रांवरून दिसते. पण पन्नाशी ओलांडलेल्या सरदाराने पैसे मोजून घेतलेले ते मूल होते, आणि त्याच्या शोकाने हा हिशेब बदलत नाही. तिची कबर मुस्काउच्या स्मशानभूमीत आहे.

पाच वर्षांनी, १८४५ मध्ये, प्युक्लरने मुस्काउ विकले. कर्जापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. वर्षभरातच ते नेदरलँड्सचा प्रिन्स फ्रेडरिक याने घेतले. उद्यानाच्या दृष्टीने हा योग चांगलाच म्हणायचा, कारण नव्या मालकाकडे पैसा होता आणि रेडरच्या मागून रेडरचाच शिष्य एडुआर्ट पेट्झोल्ड याने सूत्रे घेतली. वाडा आज ज्या रूपात ओळखला जातो ते याच मालकाच्या काळातले.

साठीला आलेल्या प्युक्लरने बापाकडून आलेल्या ब्रानिट्झला गाशा हलवला. कॉटबुस शहराजवळची ही जमीन सपाट, वालुकामय आणि उघडी. नायसेसारखी नदी नाही, डोंगर नाही. मुस्काउमध्ये निसर्गाकडून अर्धे काम झालेले होते, इथे सारेच करायचे होते. १८४६ पासून त्याने तळी खणायला सुरुवात केली आणि निघालेल्या मातीच्या टेकड्या केल्या. आसपासच्या जंगलांतून मोठी झाडे गाड्यांवर आणून लावली. गोटफ्रीट झेम्पर या वास्तुकाराचा सल्ला घेऊन जुना वाडा नव्याने सजवला. गुलाबाच्या मांडवाखाली त्याने हेन्रिएट सोंटागचा सोनेरी अर्धपुतळा बसवला. लुसीही ब्रानिट्झला राहिली आणि १८५४ मध्ये तिथेच वारली.

मग आले पिरॅमिड. इजिप्त पाहून आलेल्या माणसाने मातीचे दोन पिरॅमिड उभारले. एक जमिनीवर पायऱ्यांचा, दुसरा तळ्याच्या मधोमध. पाण्यातला पिरॅमिड १८५६-५७ मध्ये पुरा झाला आणि तो त्याने स्वतःच्या कबरीसाठी ठेवला. त्यावर चढवलेला वेल शरदात लालभडक होतो.

याच काळात इतरांच्या उद्यानांवरही त्याचा हात फिरत होता. पोट्सडामजवळच्या बाबेल्सबर्गला प्रशियाचा राजपुत्र विल्हेल्म, पुढचा जर्मन सम्राट, याचा वाडा होता. तिथल्या उतारावर राजघराण्याचा उद्यानरचनाकार लेने याने लावलेली झाडे पाण्याअभावी वाळत होती. वाफेच्या इंजिनाने नदीचे पाणी वर चढवण्याची सोय झाली आणि १८४३ पासून काम प्युक्लरकडे आले. विल्हेल्मची पत्नी ऑगस्टा त्याची चाहती होती, हेही या बदलामागचे एक कारण. वायमारजवळच्या एटर्सबर्गला त्याने जंगलात एक मोठी मोकळी पट्टी काढून वाड्यापासून क्षितिजापर्यंत नजर पोहोचवली. पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनला बुवा द बुलोन्य या वनोद्यानाबाबत सल्ला दिला. हाइनरिश हाइने या कवीने १८५४ मध्ये आपले 'लुटेत्सिया' हे पुस्तक त्याला अर्पण केले.

म्हातारपणीही त्याला स्वस्थ बसवत नव्हते. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात, वयाची ऐंशी उलटलेली असताना, तो प्रशियाच्या राजाबरोबर मोहिमेवर गेला. १८७० मध्ये फ्रान्सविरुद्ध पुन्हा नाव नोंदवले, तेव्हा त्याला नम्रपणे नकार मिळाला. ४ फेब्रुवारी १८७१ रोजी ब्रानिट्झला तो वारला. दहनाची त्याची इच्छा होती, पण कायदा आड येत होता. त्याने मृत्युपत्रात वेगळीच वाट काढून ठेवली होती. हृदय गंधकाम्लात विरघळवावे आणि देह दाहक क्षारांत. तसे करून अवशेष तळ्यातल्या पिरॅमिडमध्ये ठेवले गेले. १८८४ मध्ये लुसीचे अवशेषही तिथे हलवण्यात आले.

मूलबाळ नव्हते. ब्रानिट्झ पुतण्याकडे गेले. कागदपत्रे लुडमिला आसिंग या लेखिकेच्या हाती आली आणि तिने १८७३ ते १८७६ दरम्यान त्याची पत्रे आणि रोजनिश्या नऊ खंडांत छापल्या. 'मृताची पत्रे' काढताना गाळलेली इंग्लंडची खरी हकिकत तेव्हा लोकांपुढे आली.

उद्यानांचे नाव दूरवर गेले, पण त्यांचे नशीब राजकारणाच्या हाती होते. १८८६ मध्ये अमेरिकन रचनाकार चार्ल्स इलियट मुस्काउ पाहून प्रभावित झाला. पुढे सॅम्युएल पार्सन्सने 'सूचना'चे इंग्रजी भाषांतर १९१७ मध्ये अमेरिकेत आणले. १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस मुस्काउचा वाडा जळाला, पूल उडवले गेले, आणि नायसे ही जर्मनी आणि पोलंड यांच्यामधली नवी सीमा ठरली. उद्यानाचा मोठा भाग पोलंडमध्ये गेला आणि कित्येक वर्षे रानटी वाढू दिला गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बाजूंनी एकत्र दुरुस्ती सुरू केली, २००३ मध्ये उद्यानातला जोडपूल पुन्हा उभा राहिला, आणि २००४ मध्ये सुमारे ५६० हेक्टरचे हे उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दोन देशांच्या सामाईक नावावर आले. जर्मनीत आज सामान्य माणसाला प्युक्लरचे नाव बहुधा तीन थरांच्या आइस्क्रीममुळे ठाऊक असते, जे राजदरबारच्या एका आचाऱ्याने १८३९ मध्ये त्याच्या नावे अर्पण केले होते. मुस्काउच्या बुजलेल्या वाटा आणि हरवलेले झाडांचे समूह शोधताना मात्र दोन्ही देशांच्या माळ्यांनी १८३४ च्या त्या ग्रंथातले नकाशे आणि दृश्येच आधाराला घेतली.